लांबून आलेला टाळ

आषाढीच्या तोंडावर आमच्या मावळातल्या काही मुलांनी पांडुरंगाचे एक गीत तयार केले आणि ‘महाराज, काय वाटले ते स्पष्ट सांगा’ असा निरोप पाठविला. गीत लिहिणारा लोणावळ्याचा, चाल लावणारा पुण्याचा, पखवाजवाला आळंदीत, आणि गाणारी मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. चौघे एका जागी एकदाही बसले नाहीत. मुले स्पष्ट सांगा म्हणाली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. हल्ली अशी गीते गावोगाव होऊ लागली आहेत, तेव्हा हे लिहिणे त्या चौघांपुरते नाही.

आधी ही रीत समजून घेतली पाहिजे. संगणकात एक टकटक लावतात, मिनिटाला अमुक ठोके; या गीतात 96 होते. कानाला यंत्र लावून ती टकटक ऐकत प्रत्येकाने आपल्या घरी गायचे, वाजवायचे आणि आपला तुकडा मोबाइलवरून धाडायचा. मग एकाने सगळे तुकडे एकावर एक ठेवायचे. समोरासमोर पडद्यावर बसून एकत्र का वाजवीत नाहीत, असे मी विचारले. आवाज तिकडे पोचायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून अधिक वेळ जातो म्हणे. बोलण्यात ते कळत नाही, टाळात लगेच कळते.

ही रीत आपल्यात शिरली ती 2020 साली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. 30 जूनला संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरीस गेल्या आणि 1 जुलैला आषाढी एकादशी झाली. घरी अडकलेल्या भजनी मंडळींनी आपापल्या ओसरीवर भजन म्हटले आणि कोणा जाणत्या पोराने ते जोडून दिले. ऐकताना डोळ्यांत पाणी येई. तो आपद्धर्म होता, आणि आपद्धर्मात केलेल्या गोष्टीला नावे ठेवू नयेत. आता मंदिरे उघडी आहेत, वाटा मोकळ्या आहेत, तरी रीत तशीच राहिली. म्हणून विचार करावा लागतो.

दूर राहून शब्द घडविणे आपल्याला परके नाही. चांगदेवांनी माउलींना कोरे पत्र धाडले आणि त्या कोऱ्या कागदाचे उत्तर पासष्ट ओव्यांत आले. पत्र धाडताना दोघांची भेटही झालेली नव्हती. नामदेवराय आणि तुकोबाराय यांच्यात तर तीनशे वर्षांचे अंतर, तरी नामदेवांनी स्वप्नात येऊन आपली राहिलेली अभंगसंख्या तुकोबांच्या हाती सोपविली, ही गोष्ट आपल्यातले शेंबडे पोरही सांगते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा हेही जुनेच. चोखोबांचे अभंग अनंतभटांनी लिहिले, सावतोबांचे काशिबा गुरवांनी. तुकोबांची वाणी लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधी आमच्या मावळातच, सुदुंबऱ्यास आहे. तेव्हा लोणावळ्यातून शब्द पुण्याला गेले यात वावगे काही नाही.

वावगे झाले ते क्रमात. चाल आणि टकटक आधी ठरली, शब्द मागून त्यात बसविले. मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. तो आखूड चौथा चरण म्हणजे श्वास घ्यायची जागा. तिथेच टाळकरी धृपद उचलतात. चालीतली मोकळी जागा भरायची म्हणून या मुलांनी चौथ्या चरणातही सहा-सात अक्षरे कोंबली. कागदावर ते खपते, उभ्याने म्हणताना दम लागतो. आणि शेवटी तुकोबांची मुद्रा! शब्द तुमचे, चौघांनी निरोपानिरोपीत दुरुस्त केलेले, मग मुद्रा तुकोबांची कशी? आजच्या हौशीने घातलेली मुद्रा उद्या कोणी भोळा माणूस गाथेतली समजून कीर्तनाला घेईल. ती आधी काढून टाकावी. यात मला तडजोड दिसत नाही.

आता टाळ. गीतात तीस टाळ ऐकू येतात. चौकशी केली तर एकच टाळ एकदा वाजवून त्याच्या नकला केल्या होत्या. तीस माणसांचे तीस टाळ कधी एका धारेवर पडत नाहीत. एखादा केसभर पुढे, एखादा मागे, आणि त्या सगळ्यांचा मिळून जो भरणा होतो त्याला आपण टाळांचा गजर म्हणतो. नकलांचा गजर होत नाही, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे वाटते.

कोणी म्हणेल, दिंडीतही अंतर असतेच. खरे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पस्तीस मीटर लांबीच्या दिंडीत पुढच्या पताकावाल्याचा शब्द मागे पोचायला तोच सेकंदाचा दहावा भाग लागतो, जो त्या इंटरनेटला लागतो. तरी दिंडी फाटत नाही. टाळकऱ्याचा कान आवाजावर असतो, पण डोळा मृदंगवाल्याच्या हातावर आणि पुढच्याच्या पावलावर असतो. तो ऐकून वाजवीत नाही, पाहून वाजवितो. अंतर दोन्हीकडे सारखे, पण टकटकीत पाहायला कोणी नाही.

शिवाय आपली लय एका जागी थांबणारी नाही. कोकणातल्या दिंड्या कार्तिकीला आळंदीस निघतात, त्या खंडाळ्याचा घाट चढताना भजनी ठेका आपोआप संथ होतो आणि सपाटीला पुन्हा उचल घेतो. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगर चढणाऱ्याला हे सांगायला नको. कीर्तनातही ठायीत धरलेला गजर वाढत वाढत शेवटी पावलीवर येतो. तो किती वाढवायचा ते समोरच्या मंडळींचे पाय ठरवितात. हे गीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 96 वरच. एका गावी नगरप्रदक्षिणेला असलेच गीत भोंग्यावर लावलेले मी पाहिले. जुने टाळकरी दोन वळणे त्याच्याशी झटले, मग टाळ गळ्यात अडकवून मुकाट चालू लागले. माझी खरी चिंता ती आहे. घरी ऐकायचे गीत घरी ऐकावे, त्याने दिंडीत शिरून माणसांचे हात थांबवू नयेत.

मोठ्या लोकांनाही एकत्र बसणे सुटलेले नाही. 2016 च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घ्यायला थेट लॉस एंजेलिस गाठले. पैसा आणि यंत्रे असूनही त्यांना एका दालनात बसलेली, एकमेकांना ऐकणारी माणसे हवी होती. पुणे आकाशवाणीच्या दिवसांत राम फाटकांनी चाल लावलेला नामदेवरायांचा अभंग पंडित भीमसेन जोशी गात, तेव्हा वादकही समोरच असत. बुवांनी तान लांबविली की ठेका थांबून वाट पाही.

या गीतात चांगलेही आहे. पखवाज आळंदीच्या शिस्तीतला, ताज्या कणकेचा, डाव्या पुडीचा घुमारा भरदार. मुलीचा आवाज ऐकून तर वाटले, हिने लहानपणी काकड्याला पहाटे उठून धृपदे म्हटली असणार. असा गळा परदेशातून परत भजनात येत असेल, तर ही यंत्रे टाकून द्या असे मी कशाला म्हणू?

फक्त क्रम उलटा करावा. पखवाज, वीणा, दहा-बारा टाळकरी आणि धृपद धरणारे गावच्या मंदिरात एकत्र बसवावेत. कानात टकटक नको. टाळकरी मायक्रोफोनपासून दूर उभे करावेत, नाहीतर टाळ शब्दाला खाऊन टाकतो. लय वाढेल तशी वाढू द्यावी, मध्ये कोणी खोकला तरी चालेल. ते मुद्रण त्या मुलीकडे धाडावे आणि तिने त्या माणसांच्या मागे गावे. पेटी, बासरी काय हवे ते नंतर. इंद्रायणी तांदळाची लावणी आटोपली की गावात रात्री माणसे मोकळी असतात, तेव्हाच हे जमवावे.