निळ्या खुर्चीतील मुलगी : मेरी कॅसॅट यांच्या एका बालव्यक्तिचित्राचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये उदयास आलेल्या दृक्प्रत्ययवादी चित्रकलेचा विचार करताना मोने, रन्वार, देगा ही नावे प्रथम घेतली जातात. बेर्त मोरिसो व मेरी कॅसॅट यांचा उल्लेख बहुधा ‘स्त्री चित्रकार’ म्हणून वेगळा येतो आणि त्यांच्या चित्रांचे मर्म ‘वात्सल्य’ या एका शब्दात सांगून विषय संपविला जातो. कॅसॅट (१८४४-१९२६) यांचे ‘लिट्ल गर्ल इन अ ब्लू आर्मचेअर’ (१८७८) हे चित्र या समजुतीला छेद देते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्राची रचना :
सुमारे ९० सें.मी. उंच व १३० सें.मी. रुंद असलेले हे तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. निळ्या फुलाफुलांच्या कापडाने मढविलेल्या भल्यामोठ्या आसनांपैकी एका खुर्चीत पांढऱ्या झग्यातील मुलगी अंग सैल सोडून रेलली आहे. कमरेला चौकड्यांचा पट्टा, एक हात डोक्यामागे, नजर खाली कोठेतरी. दुसऱ्या खुर्चीवर एक लहान कुत्रा झोपला आहे. आई चित्रात नाही. मुलगी हसत नाही, खेळत नाही आणि पाहणाऱ्याकडे बघतही नाही. ती कंटाळली आहे, आणि चित्रकर्तीने तो कंटाळा जसाच्या तसा राहू दिला आहे.

आपल्याकडील कॅलेंडरांवरील बालके आणि फोटो स्टुडिओत ‘नीट बस, हस’ असे बजावून बसविलेली मुले आठवली, म्हणजे या निर्णयाचे महत्त्व ध्यानात येते. तेथे मूल मोठ्यांच्या आनंदासाठी असते. येथे ते स्वतःसाठी आहे. ग्रिझेल्डा पोलॉक या अभ्यासिकेने १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, या चित्रातील दृष्टिबिंदू मुलाच्या उंचीवर आणलेला आहे. आसने अवाढव्य भासतात ती त्यामुळेच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील प्रसिद्ध चित्रात आई राहुलला बुद्धासमोर पुढे करते; तेथे बुद्धाची आकृती विराट असून मूल वर पाहते. ती विराटता श्रद्धेची आहे, तर कॅसॅट यांच्या चित्रातील विराटता बैठकीच्या खोलीची, म्हणजे मोठ्यांच्या जगाची आहे.

कर्तृत्वाचा प्रश्न :
१८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनातील अमेरिकन विभागाने हे चित्र नाकारले. पुढे १९०३ मध्ये व्होलार या चित्रविक्रेत्यास लिहिलेल्या पत्रात कॅसॅट यांनी सांगितले की, देगा यांनी पार्श्वभूमीबाबत सल्ला दिला होता व तीवर स्वतः कामही केले होते. तसेच परीक्षक मंडळातील तिघांपैकी एक औषधविक्रेता होता! या पत्रामुळे चित्राचे श्रेय देगांकडे झुकविण्याचा मोह अनेकांना होतो. अलीकडील तांत्रिक तपासणीतही पार्श्वभूमीत देगांचा हात दिसून आला. तथापि, पार्श्वभूमीतील कोपरा दुसऱ्याने सुचविला म्हणून त्या खोलीत बसलेली मुलगी दुसऱ्याची होत नाही. गुरूने किंवा मित्राने हात फिरविल्याच्या कथा पुरुष चित्रकारांच्या बाबतीत स्नेहाच्या ठरतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र त्या संशयाच्या होतात. देगांचा सहभाग आपल्याला प्रामुख्याने कॅसॅट यांच्याच लेखणीतून कळला, ही बाब त्यांच्या आत्मविश्वासाची साक्ष देते.

मर्यादा :
पॅरिसच्या शासकीय कलाशाळेचे दरवाजे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते आणि पुरुषांप्रमाणे एकट्याने कॅफेत बसणे प्रतिष्ठित घरातील स्त्रीला शक्य नव्हते. त्यामुळे घर हा विषय काही अंशी लादलेला होता, हे खरे. परंतु लादलेल्या जागेत काय पाहावे, हे कॅसॅट यांनी स्वतः ठरविले. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, असा कंटाळा ही सुखवस्तू घराची देणगी आहे. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेर-गिल यांच्या ‘ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स’ (१९३५) या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यातील तिघींच्या नजराही खाली आहेत. पण तेथे शरीर सैल नाही, आवरलेले आहे. एकीकडे वेळ जात नाही म्हणून मुलगी कंटाळते. दुसरीकडे पुढे काय वाढून ठेवले आहे, या जाणिवेने मुली गप्प आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे धाकट्या भावंडाला सांभाळणारी आपल्या मराठवाड्यातील मुलगी या दुसऱ्या चित्राच्या अधिक जवळची आहे.

समारोप :
सारांश, कॅसॅट यांचे हे चित्र वात्सल्याचे नसून मुलीच्या स्वतंत्र अस्तित्वाला दिलेल्या मान्यतेचे आहे. कोणाला आवडण्यासाठी न बसणारी मुलगी रंगविणे, हे १८७८ मध्ये धाडस होते. आपल्या वर्गांत मुलींची संख्या वाढली आहे. पण त्यांनी सैल बसावे, कंटाळावे, असहमत व्हावे, एवढी जागा आपण त्यांना देतो काय, हा प्रश्न अध्यापकाने या चित्रासमोर उभे राहून स्वतःस अवश्य विचारावा.