मनाला टोचणी नसते तेव्हा

दुसऱ्याला फसवून, दुखवूनही ज्यांचे मन त्यांना खात नाही, अशा ‘सायकोपॅथ’ व्यक्तींची ओळख कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी ‘विदाउट कॉन्शन्स’ (१९९३) या पुस्तकात करून दिली आहे.

पुस्तकाचा मोठा गुण असा, की ते एक जुना गैरसमज दूर करते. सायकोपॅथ म्हणजे वेडा नव्हे. त्याला भास होत नाहीत. नियम कोणता आणि तो मोडल्यास काय होते, हे त्याला ठाऊक असते. पण ते मनाला लागत नाही. ‘चोरी करू नये’ हे वाक्य नुसते पाठ करून घेणाऱ्या मूल्यशिक्षणाला हा चांगलाच इशारा आहे.

आमची तक्रार शीर्षकापासून सुरू होते. सदसद्विवेक हा जणू एखादा अवयव, काहींना असतो आणि काहींना नसतो, असे ते सुचवते. पण हेअर यांच्याच पडताळासूचीत २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ असे एकूण ४० गुण. साधारणपणे ३० किंवा अधिक मिळाले तर सायकोपॅथी मानतात. म्हणजे प्रश्न कमी-अधिक प्रमाणाचा आहे. अपराधभावनेचा अभाव हा वीसांतला एक मुद्दा.

पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा गुन्हेगारांना एक हात दुसऱ्या हाताला दुखावतो आहे, अशी दृश्ये दाखवली. मेंदूतील सहवेदनेशी निगडित भागांचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी दिसला. ‘त्या व्यक्तीला काय वाटते ते अनुभवून पाहा’ असे सांगताच हा फरक बराच घटला. क्षमता होती, ती आपण होऊन जागी होत नव्हती.

पुस्तकातील बरीचशी उदाहरणे गुन्हेगारांची आहेत. ती वाचून शेवटच्या बाकावरच्या एखाद्या निर्विकार मुलावर शिक्का मारण्याचा मोह होईल. वाचकाने यादी लावून निदान करू नये, असे हेअर स्वतःच बजावतात. भीतीने गोठलेले मूलही निर्विकार दिसते.

शिवाय ‘मी वाईट आहे’ ही लाज आणि ‘मी केले ते वाईट’ ही अपराधभावना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या अभ्यासांत लाज माणसाला लपायला किंवा चिडायला लावते, तर अपराधभावना भरपाई करायला, असे दिसून आले. म्हणून मुलाला वर्गापुढे उभे करण्यापेक्षा ‘त्याचे काय नुकसान झाले? ते तू कसे भरून देशील?’ हे विचारणे अधिक उपयोगाचे.

पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. विद्यार्थ्यांना मोजण्यासाठी मात्र वापरू नये.