ग्रंथालये, आपत्ती आणि मोजणीचा दोष

ग्रंथसंग्रहाच्या रक्षणाचा विचार महाराष्ट्रात बहुधा इमारत, कपाटे आणि विमा यांच्यापाशी येऊन थांबतो. तो किती अपुरा आहे, हे चिपळूणने दोनदा दाखविले. 1864 साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 च्या जुलैत पुराचे पाणी शिरले आणि 22 जुलै 2021 रोजी ते पुन्हा शिरले. हजारो ग्रंथ नष्ट झाले. या दोन पुरांच्या मधल्या काळात, 2013 मध्ये, याच संस्थेने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले होते. तेव्हा या हानीचे कारण अनास्था म्हणून सांगणे अन्यायाचे होईल.

दोष मोजणीच्या पद्धतीत आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील व्यवस्थेत ग्रंथालयाचा दर्जा ठरविताना ग्रंथसंख्या मोजली जाते. कोणता ग्रंथ अन्यत्र मिळणार नाही, हे मोजले जात नाही. पाणी ओसरल्यावर मात्र नेमका तोच प्रश्न उरतो. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांस अशी चिकटतात की पुढे ती सुटत नाहीत. एवढ्या अवधीत वीस हजार ग्रंथ वाळविणे कोणत्याही लहान संस्थेस शक्य नाही. दोनशे वाळविता येतील. ते दोनशे कोणते, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर जे हाती लागेल तेच वाचते. शिवाय दाखल नोंदवही बहुधा त्याच खोलीत असते. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील ग्रंथांबरोबर सूचीपत्रेही चिखलात गेली होती.

संगणकीकरण हे या संकटाचे उत्तर म्हणून सांगितले जाते. ते अर्धेच उत्तर होय. प्रतिमांची साठवण मूळ ग्रंथांच्या शेजारी ठेवली, तर पाणी दोहोंना सारखेच गाठते.

वाशिष्ठीपासून दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा विचार अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु गळके छत, वाळवी आणि विजेच्या जुन्या तारेची ठिणगी यांना पूररेषा नसते. अशा ठिकाणच्या कपाटांतील कादंबऱ्या पुन्हा विकत घेता येतील. गावच्या सहकारी संस्थेचे जुने अहवाल, शाळेच्या स्मरणिका, स्थानिक नियतकालिकांचे सुटे अंक यांची दुसरी प्रत पुष्कळदा कोठेच नसते. अनुदानाच्या मोजणीत या कागदांना वजन नाही, म्हणून त्यांची यादीही होत नाही. ती यादी करणे, त्या कपाटांवर खूण करणे आणि दाखल नोंदवहीची एक प्रत बुलढाण्यातील एखाद्या संस्थेकडे ठेवणे, यास नव्या इमारतीची किंवा वाढीव अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.