‘म्हणे’चा लोप : साथीच्या काळातील अफवांचा एक भाषिक विचार

साथीच्या काळात लोक अफवांना बळी पडतात ते अज्ञानामुळे, असे मत सर्रास मांडले जाते. २०२० व २०२१ या वर्षांतील करोनाच्या साथीचा अनुभव पाहता हे मत अपुरे वाटते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांचेच उदाहरण घेता येईल. येथील फार मोठा वर्ग साक्षर, नोकरदार व रोज लोकलने मुंबईकडे जाणारा आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, डब्यातील नित्याची मंडळी दुरावली आणि त्यांच्या गप्पांची जागा व्हॉट्सॲपवरील निरोपांनी घेतली. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, गरम पाण्याने विषाणू मरतो, असे निरोप पुढे धाडणाऱ्यांना लिहिता-वाचता निश्चितच येत होते. तेव्हा कारणाचा शोध निरोपाच्या भाषेतही घ्यावयास हवा.

मराठीत ऐकीव वार्ता सांगण्यासाठी ‘म्हणे’ हे एक मार्मिक अव्यय आहे. ‘तो गावाला गेला’ आणि ‘तो गावाला गेला म्हणे’ या दोन वाक्यांत वार्ता एकच. परंतु दुसऱ्या वाक्यात बोलणारा तिच्या सत्यतेची हमी घेत नाही, आणि ऐकणाऱ्यास ‘कोण म्हणे?’ असे विचारण्यास वाव राहतो. उल्हासनगरच्या सिंधी बोलण्यात ‘चवन था’, हिंदीत ‘सुना है’ हे प्रयोग जवळपास हेच कार्य करतात. पुढे धाडलेल्या निरोपातून नेमका हाच शब्द गळतो. त्याच्या जागी ‘एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर’ येतात, ज्यांना हुद्दा असतो, पण नाव नसते. शिवाय निरोप हाती पडतो तो मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाने. त्यामुळे आणून देणाऱ्यावरील विश्वास नकळत मजकुराला चिकटतो. निरोप पुढे पाठविलेला असल्याची खूण व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये सुरू केली, तिला यांत्रिक ‘म्हणे’ समजण्यास हरकत नाही. परंतु ती वाक्याच्या बाहेर राहते आणि मजकूर उतरवून घेताच नाहीशी होते.

मौखिक अफवा निरुपद्रवी होती, असे मात्र नव्हे. प्लेगच्या साथीत, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला, त्यामागेही इस्पितळाविषयीच्या अफवाच होत्या. मात्र घरातून माणूस सक्तीने उचलून नेणारी आणि कोणास काही न सांगणारी सत्ता पाहिली, म्हणजे त्या अफवांना बळ कोठून मिळाले हे ध्यानात येते. अफवेचा विचार अधिकृत भाषेच्या विचारावाचून पुरा होत नाही, तो यासाठीच.

करोनाकाळातील आपली अधिकृत मराठी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ‘विलगीकरण करण्यात येईल’, ‘प्रतिबंधित क्षेत्र घोषित करण्यात येत आहे’, ‘नागरिकांनी नोंद घ्यावी’, या वाक्यांत कर्ता लुप्त आहे. कोण नेणार, कोठे, किती दिवस, घरच्यांना भेटता येईल काय, या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस त्या वाक्यरचनेत नाही. रोग्यास वेगळे ठेवणे आणि केवळ संशयिताला वेगळे ठेवणे या भिन्न गोष्टींनाही ‘विलगीकरण’ हा एकच शब्द वापरला गेला. सारांश, अफवेला बोलणारा नव्हता आणि सूचनेलाही नव्हता. परंतु अफवा आपलेपणाने बोलत होती.

वार्तेच्या आशयावरून खरे-खोटे ओळखावे, असा उपदेश केला जातो. तोही तोकडा आहे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरातील वस्तीत, घरात जमिनीवर बसून, स्त्रिया व मुले करोना चाचणीच्या काड्या पाकिटांत भरत असल्याची चित्रफीत पसरली. गोष्ट अविश्वसनीय वाटावी अशी, पण ती खरी होती आणि प्रशासनाने कारवाईही केली. पुढच्याच महिन्यात लस घेतलेल्याच्या अंगाला नाणी व चमचे चिकटतात, अशी वार्ता नाशिकहून पसरली. ती खोटी होती. घाम व त्वचेवरील तेलकटपणा यांमुळे लस न घेतलेल्याच्या अंगालाही नाणे चिकटते. सामान्य वाचकाने केवळ आशयावरून या दोहोंत निवड कशी करावी? एकीत ठिकाण होते, वस्तू होती, जबाब मागता येईल अशी माणसे होती. दुसरीतही गाव आणि माणूस होता. परंतु लशीत चुंबक असल्याच्या विधानाची जबाबदारी घेणारा कोणी नव्हता.

भाषा हे अफवेचे एकमेव कारण आहे, असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. भय, उपचारांची टंचाई व पूर्वीचे कटू अनुभव ही कारणे तितकीच बलवान आहेत. तथापि भाषेच्या अभ्यासकाकडे जे काम येते ते हे : ‘विश्वास ठेवू नका’ असे बजावण्याऐवजी ‘कोण म्हणे?’ हा जुना प्रश्न वाचकाच्या तोंडी पुन्हा रुजविणे, आणि नगरपालिकेच्या सूचनेलाही त्या प्रश्नाचे उत्तर, अधिकाऱ्याच्या नावासह, पहिल्याच वाक्यात द्यावयास लावणे. पुढील साथीपूर्वी यांपैकी दुसरे काम होणे अधिक अगत्याचे आहे, कारण तसे उत्तर मिळणार नसेल तर लोकांनी प्रश्न तरी कोणाला विचारावा?