अक्षर घडविणारा हात : र. कृ. जोशी आणि संगणकावरील कला

गेल्या नाताळपूर्वी आठवडाभर आधीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या उपासना समितीने नाताळचा फलक करावयास टाकला होता. त्याची कच्ची प्रत तपासण्यासाठी मी विरारच्या पश्चिमेकडील एका छपाईच्या दुकानात गेलो. संगणकाच्या पडद्यावर दहा फूट रुंदीचा फलक लहान होऊन दिसत होता. गोठा होता, तारा होता, देवदूत होते, आणि आपल्या किनाऱ्यावर कधी न पडलेला बर्फही होता. मध्यभागी प्रभूचे नाव होते. 'ख'चा पाय मोडलेला, 'र' एकटाच उभा, आणि पहिली वेलांटी आपली जागा सोडून शेजारच्या 'स'च्या डोक्यावर चढलेली. तारणाऱ्याचे नाव वाचता येत नव्हते. मी बोट दाखवले तेव्हा दुकानातला तरुण अगदी निरागसपणे म्हणाला, "अंकल, कॉम्प्युटरमध्ये असंच येतं. वाचणाऱ्याला कळतं ना."

संगणकावरील कलेविषयी आपल्या समाजात जी दोन मते ऐकू येतात, त्या दोहोंचे मूळ या वाक्यात आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, यंत्राने केलेली ती कसली कला? तरुण म्हणतात, आता यंत्रच सारे करते, मग कलावंत हवा कशाला? एकाच्या बोलण्यात तुच्छता आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात कौतुक. पण करणारे यंत्र आहे हे दोघांनीही धरून चालले आहे. हे गृहीत किती खोटे आहे हे दाखविणारा एक मराठी कलावंत होऊन गेला. त्याचे काम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे, आणि ते कोणाचे याचा विचार क्वचितच कोणी केला आहे. सुलेखनकार, कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्याविषयी मी लिहीत आहे.

पण त्यांच्या कामाची थोरवी कळण्यासाठी चारशे वर्षे मागे जाणे भाग आहे, आणि तेही आपल्याच घरात. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठीवर त्यांनी किती प्रेम केले हे 'ख्रिस्तपुराण' वाचणाऱ्याला सांगावयास नको. हे मराठी काव्य १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते मात्र रोमन लिपीत. स्टीफन्सना नागरीची आवड नव्हती असे नाही. १६०८ साली येशूसंघाच्या महाप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा बोलून दाखवली होती. अडचणही तेथेच सांगितली होती : युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरतात, येथे सहाशेच्या आसपास लागतील. कारण आपली अक्षरे एकमेकांत मिसळतात. 'क्ष' वेगळा, 'त्र' वेगळा, 'स्त' वेगळा, आणि त्यांवर पुन्हा मात्रा, वेलांट्या, उकार, रफार. मराठीतील पहिले थोर ख्रिस्ती काव्य परक्या लिपीच्या पोशाखात जन्माला आले, आणि देवनागरीत संपूर्ण छापून यावयास त्याला १९५६ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात सहाशे साच्यांचे ओझे मुंबईतील कारागिरांनी खांद्यावर घेतले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, म्हणजे १८६९ नंतर, नागरी खिळ्यांना असे काही रूप दिले की ते पाहताना आजही डोळा निवतो. खिळे जुळविणारा जुळारी भल्यामोठ्या घोडीसमोर दिवसभर उभा राही आणि शेकडो घरांतून नेमका खिळा उचली. स्टीफन्सची अडचण सुटली नव्हती. माणसांच्या कष्टांनी ती झाकली गेली होती, इतकेच.

संगणक आला तेव्हा ती पुन्हा उघडी पडली. या वेळी जागा तर आणखी आखूड होती. पडद्यावर लहान आकारातील अक्षराला उंचीचे मोजके ठिपके मिळत. रोमन अक्षराचे त्यात भागते. आपले अक्षर तीन मजल्यांचे आहे : वर मात्रा आणि रफार, मध्ये शिरोरेषेला लटकलेली काया, खाली उकार. मिस्सेच्या पुस्तकातला 'सर्वांसाठी' हा साधा शब्द घ्या. त्यातील 'र्वां'वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसवावयाचे असतात. दोहोंत एका ठिपक्याची जागा सुटली नाही तर तेथे नुसता काळा डाग उरतो.

जोशी या कामाकडे वळले ते अभियंता म्हणून नव्हे. जाहिरातक्षेत्रात त्यांनी कलादिग्दर्शक म्हणून नाव मिळवले होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा करणाऱ्या दृश्यकविता त्यांनी लिहिल्या होत्या. भारतातील सर्व भाषा लिहिता याव्यात अशी 'देशनागरी' नावाची लिपी त्यांनी कल्पिली होती. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत अक्षररचनेसाठी संगणकाची साधने घडविण्याच्या कामात ते गढून गेले. बोरू आणि कुंचला हाती असलेला माणूस ठिपक्यांच्या जाळीपुढे बसला तेव्हा त्याने कुंचला टाकून दिला असे मात्र झाले नाही. उच्चार आणि आकार यांचे नाते हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अक्षर हा आधी तोंडातला ध्वनी असतो, मग हाताची हालचाल होतो आणि शेवटी कागदावरची खूण. ही भावना त्यांच्या सुलेखनात जशी दिसते तशीच त्यांच्या संगणकीय कामातही.

ती कशी, हे सांगण्यासाठी मी पुन्हा 'ख्रिस्त' याच शब्दाकडे येतो. संगणकाच्या स्मरणात हा शब्द सात खुणांचा असतो : ख, हलन्त, र, वेलांटी, स, हलन्त, त. हा क्रम उच्चाराचा आहे. तोंडात वेलांटीचा 'इ' 'ख्र'नंतर येतो, म्हणून स्मरणातही तो नंतरच ठेवलेला असतो. डोळ्याला मात्र ती वेलांटी 'ख्र'च्या आधी दिसावयास हवी, 'र'ने 'ख'च्या पायाशी तिरकी रेघ होऊन वसावयास हवे, आणि 'स'ने आपली दांडी सोडून 'त'ला बिलगावयास हवे. हे सारे प्रत्येक वेळी, प्रत्येक शब्दासाठी घडावे म्हणून अक्षरांच्या संचातच नियम पेरावे लागतात : कोणते अक्षर कोणाशेजारी आले की कोणते रूप घेईल, कोण आपली जागा बदलेल, कोण कोणात विरून जाईल. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर घरोघरी आलेला 'मंगल' हा नागरी अक्षरसंच अशा नियमांवर उभा आहे, आणि तो जोशींच्या हातचा आहे. 'रघु' नावाचा त्यांचा दुसरा संच तर कोणालाही मोकळेपणाने वापरता यावा अशा परवान्याने दिला गेला. स्टीफन्सनी मोजलेले सहाशे साचे आता सहाशे घरांत भरून ठेवण्याची गरज उरली नाही. शब्द टंकला जातो आणि जोडाक्षर त्या क्षणी जुळून येते. जुळारी गेला, त्याची नजर नियमांत शिल्लक राहिली.

येथे सर्जनशीलता कोणती, असा प्रश्न वाचक विचारील. कोणीही या अक्षरांपुढे थांबून 'वा!' म्हणत नाही. ती दिसूच नयेत, शब्द दिसावा, अशी त्यांची घडण आहे. माझ्या मते हीच या कलाकृतीची उंची आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ सालच्या पास्काच्या सणाला कलावंतांना पत्र लिहिले. त्याच्या आरंभीच त्यांनी निर्माता आणि कारागीर यांत भेद केला आहे. शून्यातून अस्तित्व देणारा निर्माता केवळ परमेश्वर. कलावंत हा कारागीर, जो आधीच असलेल्या द्रव्याला रूप आणि अर्थ देतो. आपल्याकडे हल्ली 'सर्जन', 'नवनिर्मिती' हे शब्द इतके उधळले जातात की या नम्र भेदाचा विसर पडतो. जोशींपुढचे द्रव्य म्हणजे हजार वर्षांची लिपी आणि काही ठिपके. त्यांनी त्यातून निवड केली. कोठे रेघ जाड, कोठे बारीक, कोठे एक ठिपका मोकळा सोडावयाचा. यंत्राला यातले एकही सुचले नसते, कारण यंत्राला वाचणारा माणूस ठाऊक नाही.

याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. नाहीतर मी केवळ अक्षरांचा पक्षपाती ठरेन. जर्मनीतील कलोन येथील कॅथेड्रलमध्ये २००७ साली गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराची एक भव्य काचखिडकी बसवली गेली. जुनी खिडकी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली होती. रिश्टर यांनी ७२ रंगांच्या अकरा हजारांहून अधिक चौकोनी काचांनी ती भरली. कोठे कोणता रंग यावा हे ठरवण्याचे काम बरेचसे संगणकाकडे सोपवले, तेही दैवगतीने, सोंगट्या टाकाव्यात तसे. संत नाहीत, प्रसंग नाही. कार्डिनल योआखिम माइझनर यांना ती मुळीच रुचली नाही. ही खिडकी मशिदीत किंवा अन्य प्रार्थनागृहात अधिक शोभली असती असे ते म्हणाले. त्यांची हरकत मला समजते. वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्याला चेहरा हवा असतो. तरीही तेथे केवळ दैवगती नाही. खिडकीच्या सहा उभ्या पट्ट्यांपैकी तीन पट्ट्या उरलेल्या तिन्हींची आरशातील प्रतिबिंबे आहेत. हा निर्णय रिश्टरचा. रंग जुन्या खिडक्यांशी सुसंगत असावेत हाही निर्णय त्यांचाच. संगणकाला मोकळे सोडावयाचे ते कोठवर, हे माणसाने ठरवले आहे, आणि म्हणूनच ती आवडो न आवडो, कोणाची तरी कलाकृती आहे. आमच्या नाताळच्या फलकाविषयी हे म्हणता येत नव्हते. तो कोणाचाच नव्हता.

जोशींच्या कामात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. 'मंगल' पडद्यासाठी घडला, छोट्या आकारात वाचण्यासाठी. तोच दहा फुटांच्या फलकावर ताणला की अशक्त आणि कोरडा दिसतो. दोष वापरणाऱ्याचा, हे खरे. परंतु दुसरी तक्रार मात्र मराठी माणूस म्हणून करावीशी वाटते. त्यातील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. आपल्या शाळेत गिरवलेला पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' बहुतेक संगणकांवरून दिसेनासा झाला. पुढे महाराष्ट्र शासनाला २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच रूपे प्रमाण आहेत असे सांगावे लागले. साऱ्या देशाची नागरी एका संचात बसवताना मराठी कलावंताच्या हातून मराठीचे वळण मागे पडले, ही गोष्ट मला खुपते. त्यानंतरच्या पिढीने ती उणीव बरीच भरून काढली आहे. मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींचा 'मुक्त' हा संच निरनिराळ्या जाडीत विनामूल्य मिळतो आणि फलकावर तो ताठ उभा राहतो. आमच्या समित्यांनी पंडालाला लागणाऱ्या कापडाची चौकशी करावी तितकी जरी या संचाची केली तरी पुरे.

हे सारे आज लिहावेसे वाटले याचे कारण अक्षरांपुरते नाही. आता वाक्य टंकले की संगणक चित्रही काढून देतो. पवित्र मरिया मागा, मरिया मिळते. बहुधा गोरी, निळ्या डोळ्यांची, कारण यंत्राने जी चित्रे पाहिली त्यांत तीच अधिक होती. गोव्याचे अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पुण्याच्या आश्रमात राहून मरियेला साडी नेसवली, आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. तो रोष पत्करण्याची तयारी म्हणजेच निवड. यंत्र कोणाचा रोष पत्करीत नाही. सर्वांना जे आधीच आवडते तेच ते पुन्हा देते. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अँटिक्वा एत नोव्हा' हे निवेदन प्रसिद्ध केले. यंत्राच्या बुद्धीला माणसाच्या बुद्धीच्या पंक्तीत बसवू नये, असे त्यात बजावले आहे. आपल्या धर्मग्रामांतील चित्रकार मुलामुलींनी संगणक वापरू नये असे त्यातून निघत नाही. त्यांच्यातील कोणी सामवेदी लुगड्यातील मरिया संगणकावर रेखाटली, तर मी ती कुंचल्याच्या चित्राइतक्याच आदराने पाहीन. प्रश्न एवढाच विचारीन, की हे लुगडे तू कोणाच्या अंगावर पाहिलेस?

त्या दुकानात मी तासभर बसलो. तो तरुण वापरत होता त्या चित्रप्रणालीत भारतीय लिप्यांचे नियम चालू करण्याची सोय होती. ती बंद होती, आणि ती असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ती चालू केली तशी वेलांटी 'स'वरून उतरून आपल्या जागी गेली, 'र' 'ख'च्या पायाशी बसला, 'स' 'त'ला बिलगला. त्याने ते दोनदा बंद-चालू करून पाहिले आणि हसला. मग आम्ही जाड संच निवडला, नाव मोठे केले, तारा थोडा बाजूला सरकवला. "हे नियम कोणी बनवले?" त्याने विचारले. मी जोशींचे नाव सांगितले. ते त्याने मागच्या एका रद्द पावतीवर लिहून घेतले.

बर्फ काढावयास मात्र समितीतील मंडळींनी नकार दिला.