आधी सुटका, मग शोध

जोसेफ वाँबॉ यांचे ‘द ब्लडिंग’ हे इंग्रजी पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. खुनाच्या तपासात डीएनए चाचणीचा उपयोग प्रथम झाला तो इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात. त्या तपासाची ही हकीकत आहे. लेखक लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी केलेले. त्यामुळे तपासाचे वर्णन जिवंत उतरले आहे आणि पुस्तक खाली ठेववत नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती ते जरूर द्यावे. आमची तक्रार आहे ती पुस्तकाच्या रोखाविषयी, आणि ती नावापासूनच सुरू होते.

आधी घटना पाहू. १९८३ मध्ये नारबरो आणि १९८६ मध्ये शेजारच्या एंडर्बी गावात पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले. नमुन्यांवरून गुन्हेगाराचा रक्तगट ‘ए’ असल्याचे कळले आणि एका विकराचा प्रकारही कळला. पण हा जोड दहा पुरुषांमागे एकात सापडतो. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडले. त्याने दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पहिल्याची मात्र दिली नाही. दोन्ही खून त्याचेच हे सिद्ध व्हावे म्हणून पोलीस लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्याकडे गेले.

डीएनएच्या रेणूत काही ठिकाणी तोच तो छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलते. एक संख्या आईकडून येते, एक वडिलांकडून. या फरकांवरून माणूस ओळखता येतो, हे जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये उमगले होते. आता त्यांनी नमुने ताडून पाहिले. दोन्ही खून एकाच पुरुषाने केले होते, आणि तो पुरुष हा मुलगा नव्हता! जेफ्रीज यांना प्रथम आपल्या तंत्राचीच शंका आली. सरकारी न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेने चाचणी पुन्हा केली. निष्कर्ष तोच निघाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये मुलगा सुटला.

यानंतर, १९८७ मध्ये, परिसरातल्या पुरुषांचे रक्त तपासण्याची मोहीम निघाली. पाच हजारांहून अधिक जणांचे नमुने घेतले गेले. पुस्तकाचे नाव या मोहिमेवरून आले आहे. इंग्रजीत शिकारी कुत्र्याला रक्ताची चव लावण्यालाही हाच शब्द आहे. नावातच पाठलाग आहे, आणि पुस्तकाचा ओढाही तिकडेच आहे. गंमत अशी, की या मोहिमेत गुन्हेगार सापडलाच नाही. त्याने आपल्याऐवजी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. त्या सहकाऱ्याने मद्यगृहात गप्पांच्या ओघात ते सांगून टाकले, ऐकणाऱ्यांपैकी एकीने पोलिसांना कळवले, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये अटक झाली. चाचणीची भीती नसती तर तोतया पाठवायची वेळ आली नसती, हे खरे. नंतर त्याचे रक्त जुळले, हेही खरे. तरी प्रयोगशाळेने एकटीने, कुणाच्या बडबडीवाचून, केलेले काम एकच. एका मुलाला तिने सोडवले.

शिक्षकांना इथे थांबायला हवे. नमुने जुळले तर ‘योगायोगाने जुळण्याची शक्यता किती?’ हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर संभाव्यतेतच देता येते. एका जागी जरी खरोखर जुळले नाहीत, तर तो नमुना त्या माणसाचा नाही. मग लोकसंख्येचे गणित मांडावे लागत नाही. नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ झालेली नाही ना, एवढे पाहावे लागते. म्हणून तर चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा झाली. अर्थात नमुना गुन्हेगाराचाच आहे हे आधी ठरलेले हवे. गुन्हेगार एकाहून अधिक असतील तर न जुळणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे.

आणि त्या कबुलीचे काय? आपण केलेलेच नाही ते माणूस कबूल का करील, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत १९८९ ते २०२० या काळात डीएनए चाचणीमुळे ३७५ शिक्षा झालेले लोक निर्दोष ठरले. त्यांतल्या सुमारे २९ टक्के प्रकरणांत खोटी कबुली होती आणि सुमारे ६९ टक्क्यांत साक्षीदारांनी चुकीचा माणूस ओळखला होता. एकवीस जण फाशीच्या कोठडीत राहून आले होते. वाँबॉ यांनी पुस्तक लिहिले तेव्हा ही आकडेवारी नव्हती, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण कबुली देणारा मुलगा त्यांच्यासमोर होता.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात या तंत्राच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत : डीएनए वेगळा करणे, तोडणे, लांबीप्रमाणे अलग करणे, पट्ट्या उमटवणे. तो भाग शिकवताना फळ्यावर तीन रकाने काढावेत : पहिला खून, दुसरा खून, संशयित. पहिल्या दोघांत पट्ट्या सारख्या काढाव्यात, तिसऱ्यात वेगळ्या. मग विद्यार्थ्यांना विचारावे, की संशयिताने कबुली दिली आहे, आता काय करायचे?