याकुझाला एप्रन चढवून काय साधलं?

कौसुके ओनोच्या ‘गोकुशुफुदो’ या मांगा-चित्रकथेला २०२० साली विनोदी प्रकाशनाचा आइसनर पुरस्कार मिळाला. पण जपानी मांगातला याकुझा-विनोद एकाच जागी घुटमळतो आहे. चेहऱ्यावर व्रण, अंगावर गोंदण आणि हातात सुपरमार्केटची पिशवी. याकुझांची टोळी सोडून घर सांभाळणारा तात्सु बायको विसरलेला डबा पोचवायला निघतो, तेव्हाही खंडणी मागायला निघाल्यासारखा दिसतो. ओनोची रेषा पक्की आहे; पहिला खंड वाचताना मी मनापासून हसलो. पण पुढे खंडामागून खंड तोच दरारा आणि तीच पिशवी. ‘कुमिचो मुसुमे तो सेवागाकारी’त पिशवीच्या जागी बॉसची लेक येते, एवढाच फरक. ‘बॅक स्ट्रीट गर्ल्स’ तर जबरदस्तीच्या शस्त्रक्रियेत हसू शोधतं. त्यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

मासाओ ओताकेची ‘हिनामात्सुरी’ (२०१०–२०२०) मात्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. महागड्या फुलदाण्या जमवणारा नित्ता अखेरपर्यंत याकुझाच राहतो: स्वार्थी, भित्रा, हिशेबी. अचाट शक्ती असलेली हिना त्याच्या घरात येऊन पडते. ती एकटी जाऊन विरोधी टोळी मोडते, श्रेय नित्ताला मिळतं आणि तो ते घेतोही. तिच्या मागावर आलेली आन्झू इथेच अडकते. तिला सांभाळतात ते बागेत राहणारे बेघर लोक. तेच तिला डबे वेचून पोट भरायला शिकवतात. त्यांना बाग सोडावी लागते तो भाग वाचताना घसा दाटतो, आणि त्याच्या आगेमागे हसून पोट दुखलेलं असतं. इथला विनोद माणसाच्या वागण्यातून येतो, त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून राहत नाही. यामा वायामाच्या ‘काराओके इको!’तही कोवळ्या मुलाकडून गाणं शिकणाऱ्या गुंडाच्या मागे भीती उभी आहे: जो सर्वांत वाईट गाईल, त्याच्या अंगावर बॉस स्वतःच्या बेढब हाताने गोंदणार.

ही भीती गेली की विनोद पोकळ होतो. खऱ्या याकुझाच्या आयुष्यात तर ती जागोजागी आहे: जपानमध्ये १९९२ साली टोळीविरोधी कायदा लागू झाला आणि २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत याकुझांशी व्यवहार रोखणारे नियम आले. १९६३ साली १,८४,००० च्या घरात असलेली याकुझांची संख्या २०२४ अखेर २०,००० च्या खाली आली. टोळी सोडलेल्या माणसालाही साधारण पाच वर्षं बँक खातं उघडणं, घर भाड्याने घेणं, फोन घेणं जड जातं. तात्सुला यातलं काहीच आडवं येत नाही. त्याने कुणाला लुबाडलं, कुणाला मारलं, तेही कुणी विचारत नाही. गुन्हाही पुसला आणि शिक्षाही पुसली, मग उरलं काय? नुसता पोशाख. वाचकांना हलकंफुलकं हवं असतं, हे उत्तर मला मान्य नाही. याच वाचकांनी ‘हिनामात्सुरी’ १९ खंड चालवली. घरमालकापुढे भाडेकरारावर सही करताना अडखळणारा तात्सु ओनोला काढता येईल. तेवढी ताकद त्याच्या रेषेत आहे. तो काढत नाही, ही माझी तक्रार आहे.